पाण्याने गार होणारा संगणक : कौतुक कशाचे?

संगणकाच्या पत्र्याच्या पेटीला करवतीने खिडकी पाडायची, तिला अ‍ॅक्रिलिकची काच बसवायची, आत निळा दिवा लावायचा आणि प्रोसेसरवरचा पंखा काढून तेथे घरी बनवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यातून पाणी खेळवायचे, हा छंद १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिका-युरोपातील हौशी मंडळींत रुजला. पुढे तयार संच बाजारात आले, तरी हाताने जमवलेल्या यंत्रणेचा मान वेगळाच राहिला. विज्ञानशिक्षकाने या वस्तूकडे कसे पाहावे? आमचे मत आधीच सांगतो : कारागिरीला भरघोस गुण द्यावेत, पण तिच्यासोबत जे स्पष्टीकरण हिंडते, ते तपासताना लाल पेन्सिल हाताशी हवी.

मुळात पाण्याची गरज का भासली? १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर आला. त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ. पण ६६ मेगाहर्ट्झची बस १०० वर नेली की तोच ४५० वर धावे. चिपमध्ये खर्च होणारी शक्ती ढोबळमानाने वारंवारतेच्या पटीत आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दीडपट केला आणि दाब २.० वरून २.२ व्होल्टवर नेला, तर उष्णता १.५ × १.२१, म्हणजे सुमारे १.८ पट होते. (हे गणित दहावीच्या मुलांना जरूर घालावे.) हौस एवढ्यावर थांबली नाही आणि साधे पंखे अपुरे पडू लागले.

बाजारात फारसे काही मिळत नसतानाची जुळवाजुळव आम्हांला सर्वांत आवडते. मत्स्यालयाचा पंप, तांब्याच्या ठोकळ्यात ड्रिलने पाडलेले मार्ग, आणि भंगारातल्या मोटारीच्या हीटरची जाळी! १९७७ च्या पाँटिअ‍ॅक बॉनव्हिल मोटारीची जाळी तर या मंडळींत नावाजलेली होती. थंड प्रदेशात इंजिनाचे गरम पाणी या जाळीतून फिरवून मोटारीच्या आतली हवा ऊबदार करतात. म्हणजे पाण्याची उष्णता हवेला देण्याचे काम ती पूर्वीपासून करीतच होती. वस्तू कशासाठी विकली गेली हे बाजूला ठेवून ती नेमके काय करते हे पाहणे, ही खरी प्रयोगशील नजर.

गोंधळ सुरू होतो तो 'पाणी थंड करते' या वाक्यापासून. समजा, यंत्रणेत २ लिटर पाणी आहे आणि चिप १०० वॅट उष्णता देते. पाण्याची विशिष्ट उष्णता पाहता ते दर ८४ सेकंदांना १ अंश सेल्सिअसने तापेल. जाळी काढून टाकली आणि उष्णता कोठेच निसटली नाही असे धरले, तर तासाभरात ४० अंशांहून जास्त! तेव्हा थंड करते ती अखेर खोलीतली हवाच. पाणी केवळ हमाल. हमाल मात्र दमदार आहे. समान आकारमानाचे पाणी तेवढ्याच तापमानवाढीत हवेच्या सुमारे ३५०० पट उष्णता उचलते. म्हणून नखाएवढ्या चिपमधली उष्णता वहीएवढ्या जाळीवर पसरता येते. पण खोली ४० अंशांवर असेल, तर पाणीही ४० च्या वरच राहणार. माठातले पाणी खोलीपेक्षा गार होते ते बाष्पीभवनाने. येथे तर नळ्या बंद आहेत.

याहून चिवट समजूत अशी की, पाणी सावकाश फिरवावे म्हणजे त्याला जाळीत गार व्हायला वेळ मिळतो. वेळ मिळतो हे खरे, पण तेवढाच जास्त वेळ ते चिपवरही तापत असते! शिवाय संथ प्रवाहात तांब्याला चिकटून राहणारा पाण्याचा थर जाड होतो आणि उष्णतेची वाट अडवतो. मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल, तर १०० वॅटची चिप ओलांडताना पाणी जेमतेम ०.३६ अंशाने तापते. म्हणून पंपानंतर आधी जाळी की आधी चिप, या वादातही फारसा अर्थ उरत नाही.

तांब्याचा ठोकळा आणि अ‍ॅल्युमिनिअमची जाळी एकाच पाण्यात ठेवणे म्हणजे पाठ्यपुस्तकातला विद्युतघट घरी बांधणे, अ‍ॅल्युमिनिअम झिजणारच. ऊर्ध्वपातित पाणी वीज वाहत नाही, या भरवशावरही राहू नये. धातूंचे आयन मिसळले की ते वाहू लागते. गळतीची चाचणी संगणकाची वीज बंद ठेवून, फक्त पंप चालवून घ्यावी. वीजपुरवठ्याची बंद पेटी विद्यार्थ्यांनी मुळीच उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यातील धारित्रांत विद्युतभार राहतो. शाळेत प्रयोग करायचाच असेल, तर संगणक हवाच कशाला? १२ व्होल्टवर तापणारा रोधक, तांब्याची नळी आणि दोन तापमापी पुरेत.

आणि ती खिडकी? तिच्यातून रंगीत नळ्या दिसतात, पण काम करणारी जाळी बहुधा मागे किंवा माथ्यावर दडलेली असते. बघणाऱ्याला पाणी दिसते, उष्णता कोठे गेली ते दिसत नाही. झुरिकच्या तंत्रविद्यापीठात २०१० साली आय.बी.एम.च्या साहाय्याने उभारलेल्या 'अ‍ॅक्वासार' संगणकात हा प्रश्न उलट बाजूने हाताळला होता. तेथे चिप गार ठेवायला चक्क ६० अंशांच्या आसपासचे पाणी वापरले, कारण चिपला त्याहून जास्त तापमान चालते. आणि बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याची उष्णता इमारती उबदार ठेवण्यासाठी दिली.