मूर्ती की मूर्त्या?

पेणच्या कारखान्यांमधून गणपतीच्या ‘मूर्ती’ परदेशी रवाना होतात, असं वर्तमानपत्र छापतं. त्याच पेणमध्ये बोलताना ‘मूर्त्या सुकल्या का?’ असं सहज कानावर पडतं. हे दुसरं रूप अशुद्ध, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक. पण कशाच्या बळावर?

काठी-काठ्या, नदी-नद्या हे मराठीचं नेहमीचं वळण. ‘नदी’ संस्कृतातही दीर्घ, म्हणून ती या वळणात बसली. ‘मूर्ति’, ‘व्यक्ति’, ‘पद्धति’ मुळात ऱ्हस्व, म्हणून त्यांचं अनेकवचन बदलत नाही. साहित्य महामंडळाच्या नियमांनी १९६२ साली हे शब्द दीर्घान्त लिहायला सांगितलं. निर्णय योग्यच होता, उच्चार तसाच होता. पण त्यामुळे खूण पुसली गेली आणि खुणेवर चालणारा नियम मात्र राहिला. डेटाबेसमधला रकाना काढून त्यावरची क्वेरी तशीच ठेवली, तर प्रोग्राम एरर देतो. भाषा एरर देत नाही, ती ‘मूर्त्या’ म्हणते. आणि ‘मूर्ती पाठव’ असा निरोप आला, तर एक पाठवायची की शंभर?

शुद्धतेचा आग्रह सगळीकडे सारखा असता तरी समजून घेतलं असतं. पेण आणि रोहा या दोन पंचायत समित्या. ‘समिति’ ऱ्हस्वच, तरी सरकारी कागदापासून संपादकीयापर्यंत ‘समित्या’ चालतात. ‘युक्त्या’ही चालतात. उलट ‘व्यक्त्या’ कुणीच म्हणत नाही, म्हणजे बोलणारा सरसकट ‘या’ जोडत सुटलेला नाही. कुठे जोडायचा, हे त्याला कळतं.

इंग्रजीत उलटी हौस दिसते. ‘रूबी ऑन रेल्स’ ही प्रणाली शब्दांची अनेकवचनं आपोआप बनवते. तिच्या नियमांत ‘ऑक्टोपस’चं ‘ऑक्टोपाय’ होतं, ‘व्हायरस’चं ‘व्हायराय’. पहिला शब्द ग्रीक, त्याला लॅटिन शेपूट. दुसऱ्याचं असं अनेकवचन लॅटिनमध्येही सापडत नाही. पांडित्याची ही नक्कल मला ‘मूर्त्या’पेक्षा जास्त अशुद्ध वाटते.

रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत ‘कंपनी’च्या ‘कंपन्या’ झाल्या, कुणी हरकत घेतली नाही. आणि ‘मूर्त्या’ खोडणारा मुद्रितशोधक त्याच पानावर एसटीच्या ‘बसेस’ तशाच जाऊ देतो.