'अ‍ॅम्झेस' : एका दुर्दैववाचक शब्दाचा अर्थविचार

इंग्रजीतील 'अ‍ॅम्झेस' हा आज जवळजवळ लुप्त झालेला शब्द 'दुर्दैव' या अर्थी कोशांत आढळतो. लॅटिनमधील 'अँबो' (दोन्ही) आणि 'आस' (एकक) यांपासून तो जुन्या फ्रेंचमार्गे मध्ययुगीन इंग्रजीत आला. दोन फाशांवर दोन्ही एक पडणे, अर्थात सर्वांत हीन दान, हा त्याचा मूलार्थ होय. अशा दानाची शक्यता 36 मध्ये 1 एवढीच असते.

चॉसरच्या 'मॅन ऑफ लॉ'च्या प्रास्ताविकात धनाढ्य व्यापाऱ्यांच्या थैल्या या दानाने नव्हे, तर सहा-पाचाच्या दानाने भरल्याचे म्हटले आहे. लक्षणेचा आरंभ येथे स्पष्ट दिसतो. शेक्सपिअरच्या 'ऑल्स वेल दॅट एन्ड्स वेल'मध्ये मात्र लाफ्यू हा शब्द उच्चारतो, तेव्हा प्रत्यक्ष फासेच डोळ्यांसमोर येतात.

या शब्दासाठी 'दुर्दैव' हा मराठी प्रतिशब्द सहज सुचतो. पण तो सदोष आहे. 'दैव' शब्दात 'देव' आहे. त्यामागे कोणी नियंता गृहीत धरलेला असतो. 'अ‍ॅम्झेस'मध्ये नियंता नाही, केवळ संख्या आहे.

त्याचा खरा सगोत्र संस्कृतातील 'कलि' होय. वैदिक द्यूतात बेहड्याची फळे चारचारांनी मोजीत आणि एक उरल्यास ते दान 'कलि', अशी सामान्यतः स्वीकृत उपपत्ती आहे. ऋग्वेदाच्या अक्षसूक्तातील द्यूतकारही 'एकपर' अक्षाला दोष देतो. हानीचे चिन्ह दोन्हीकडे 'एक' हेच आहे.

पुढे मात्र वाटा भिन्न होतात. नलोपाख्यानात कलि ही व्यक्ती बनते. ती नलाच्या शरीरात शिरते आणि अखेरीस बेहड्याच्याच झाडाचा आश्रय घेते. युगालाही तेच नाव मिळाले. द्यूत मागे पडले, तरी शब्द टिकला. 'अ‍ॅम्झेस'ला फाशांबाहेर असे घर मिळाले नाही. शिवाय पत्त्यांमध्ये एक्का श्रेष्ठ ठरल्याने आणि 'एस' म्हणजे निष्णात असा अर्थ रूढ झाल्याने त्याची व्युत्पत्तीही दुर्बोध झाली.

तात्पर्य, अनुवादात 'दुर्दैव' योजल्यास नसलेला देव मजकुरात शिरतो. 'फासे उलटे पडणे' हा मराठी वाक्प्रचार मूलार्थाला अधिक प्रामाणिक आहे. कोशातील एका शब्दाचा प्रश्न येथे जगाच्या कारभाराविषयीच्या दोन कल्पनांचा प्रश्न ठरतो.