शरीराची साक्ष आणि रुग्णाची संमती

साक्षीदार फिरतो, कागद बनावट निघतो. पण अंगावरचा व्रण सहसा खोटे बोलत नाही, अशी आम्हां वकील मंडळींची समजूत असते. डॉ. बेसेल व्हान डर कोल्क यांचा ‘द बॉडी कीप्स द स्कोअर’ हा इंग्रजी ग्रंथ (२०१४) हाच न्याय मनाच्या जखमांस लावतो. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर १९७८ पासून बोस्टन येथे उपचार करणाऱ्या या मनोवैद्याचे प्रतिपादन असे की, संकट टळले तरी ते टळल्याचे शरीरास उमगत नाही. श्वास अडखळतो, स्नायू ताठतात, झोप उडते. अशा मनुष्यास केवळ बोलते करून भागत नाही. त्याचे शरीर त्यास पुन्हा आपले वाटावे लागते.

ग्रंथात योगासनांवर स्वतंत्र प्रकरण आहे, हे वाचून आपल्या मंदिरसमाजास संतोष वाटेल. परंतु ‘हे आमच्या पूर्वजांस ठाऊकच होते’ एवढ्यावर थांबणे योग्य नव्हे. स्वामी कुवलयानंद तेथे थांबले नाहीत. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापणाऱ्या या स्वामींनी योगक्रियांची क्ष-किरणांनी व मापनयंत्रांनी परीक्षा केली. व्हान डर कोल्क यांनीही परीक्षा घेतली. इतर उपचारांनी गुण न आलेल्या आघातग्रस्त स्त्रियांपैकी काहींस दहा आठवडे योग शिकविला, इतरांस आरोग्यविषयक वर्ग दिले. अखेरीस पहिल्या गटातील ३१ पैकी १६ स्त्रिया व दुसऱ्या गटातील २९ पैकी ६ स्त्रिया त्या विकाराच्या निकषांतून मुक्त झाल्या. संख्या लहान आहे. निष्कर्ष आशादायक आहे, अंतिम नाही.

मात्र हा योग कोणता? त्यात शिक्षक आज्ञा करीत नाही, सुचवितो. अंगास हात लावून आसन सुधारीत नाही. थांबण्याची मुभा सदैव असते. ग्रंथाचे मर्म मला येथे दिसले. गेल्या वर्षी देवास जिल्ह्यात पीपलरावां येथे आप्तांकडे गेलो असता एका देवळाच्या सभामंडपातील योगवर्ग पाहिला. शिक्षक सद्भावनेने एका बाईंचे खांदे मागे दाबू लागले, तशा त्या दचकून आक्रसल्या. वर्ग पुढे चालू राहिला. त्या दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. त्यांचे पूर्ववृत्त मला ठाऊक नाही, विचारण्याचा अधिकारही नव्हता. पण ज्याच्या देहावर एकदा इतरांनी सत्ता गाजविली, त्यास पुन्हा आज्ञेने वाकविणे हा उपचार कसा होईल? कायद्यात जिला आपण संमती म्हणतो, तीच येथे औषधाचा भाग आहे.

ग्रंथात एक उणीव जाणवते. दडपलेल्या स्मृती कालांतराने परत येतात, असे लेखक पुष्कळ विश्वासाने लिहितात. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांत याविषयी तीव्र मतभेद आहेत. व्रण जखम झाल्याचे सांगतो, ती कोणी केली हे सांगत नाही. दचकणाऱ्या देहास उपचार मिळावा, त्यासाठी पुरावा मागू नये. परंतु त्या दचकण्यावरून कोणास दोषीही ठरवू नये.

एवढा विवेक राखून हा ग्रंथ अवश्य वाचावा. देवळांतून योगवर्ग चालविणाऱ्यांनी तर तो वाचावाच, आणि उद्याच्या वर्गात कोणाच्या खांद्यास हात लावण्यापूर्वी ‘लावू का?’ असे विचारावे.