विजयाचा दिवस आणि विसरलेला शिपाई

दरवर्षी 23 सप्टेंबरच्या सुमारास हैफा येथील हिंदी सैनिकांच्या स्मशानभूमीत पुष्पचक्रे वाहिली जातात. 1918 साली याच दिवशी जोधपूर व म्हैसूर संस्थानांच्या घोडेस्वारांनी हाती भाले घेऊन तुर्की तोफांवर चाल केली व हैफा सर केले. मेजर दलपतसिंग या लढाईत कामी आले. 2018 साली दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाच्या नावाला हैफाचे नाव जोडण्यात आले. भारतातून येऊन इस्राएलात वसलेल्या आम्हां बेने इस्राएल लोकांना या गोष्टीचा अभिमान वाटतो, हे प्रथम सांगणे आमचे कर्तव्य आहे.

परंतु अभिमान वाटला म्हणजे टीका करू नये असे नाही. हा इतिहास लोकांपुढे मांडताना घोडा दिसतो, भाला दिसतो, विजय दिसतो. घोड्यावरचा माणूस मात्र दिसत नाही. तो कोण होता, कोणत्या गावचा होता, लष्करात का शिरला, घरी परतल्यावर त्याचे काय झाले, हे कोणी सांगत नाही. वाद चालतो तो विजय इंग्रजांचा की हिंदी लोकांचा, एवढाच. खरे पाहता घोडेस्वार हिंदी होते, ब्रिगेडचा सेनापती इंग्रज होता आणि मदतीला इंग्रजी तोफखानाही होता. एवढे साधे सत्य सांगितल्याने कोणाचेही शौर्य कमी होत नाही.

दुसरी गोष्ट ‘स्वयंसेवक’ या शब्दाची. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा नव्हता, म्हणून सारे हिंदी सैनिक स्वयंसेवक ठरतात. पण पायदळातल्या साध्या शिपायाचा पगार युद्धाच्या आरंभी महिना 11 रुपये होता. कोणी घराण्याची परंपरा म्हणून गेला, कोणी सावकाराच्या कर्जापायी, कोणी भरती करणाऱ्याच्या आग्रहाला बळी पडून. या सर्वांना एकच शब्द लावणे सोयीचे असेल, पण तो इतिहास नव्हे.

यहुदी पलटणींचीही हीच गोष्ट. कर्नल पॅटरसन यांच्या 38 व्या पलटणीत लंडनच्या ईस्ट एंड भागातील, रशियातून आलेले अनेक गरीब शिंपी व कारागीर होते. 1917 साली त्यांच्यापुढे दोनच वाटा ठेवण्यात आल्या : ब्रिटिश लष्करात या, नाहीतर रशियात परत जा. उलट 39 व्या पलटणीत अमेरिकेतून पुष्कळजण आपखुशीने आले. दाविद बेन-गुरियन व यित्झाक बेन-झ्वी हे त्यांतलेच. दोघांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. फक्त दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

आणखी एक गंमत पाहा. 1918 च्या उन्हाळ्यात जोधपूरचे स्वार आणि 38 व्या पलटणीचे यहुदी सैनिक यार्देनच्या त्याच खोऱ्यात उन्हाने भाजत होते, मलेरियाने आजारी पडत होते. सेनापती ॲलनबी, शत्रूही एक. तरी हिंदी सैनिकांची कथा एका ठिकाणी व यहुदी सैनिकांची दुसऱ्या ठिकाणी सांगितली जाते. आम्ही दोन्हींचे वारस. आम्हांलाच हा तुकडा जोडून दाखवावा लागेल.

यहुदी पलटणींतील जुन्या सैनिकांनी 1932 साली नेतन्याजवळ अविहाईल हे गाव वसविले. तेथे त्यांचे संग्रहालय आहे. त्यांनी आपली कथा आपण जपली. सातारा व कोकणातील शिपायाच्या नशिबी गावच्या भिंतीवरची शिळा आली. या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले, पैकी इतके मेले, असा तिच्यावरचा मजकूर असतो. आकडा आहे, नाव नाही. याउलट आमचे हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 साली पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासात पलटणींतील बेने इस्राएल अधिकाऱ्यांची नावे नोंदविली. तो ग्रंथ छापला गेला 1937 साली. चाळीस वर्षे हस्तलिखित टिकले, म्हणून ती नावे टिकली.

युद्धाचे काही कोपरे तर कोणाच्या लक्षातही नाहीत. आज सौदी अरेबियात असलेल्या खमीस मुशैतजवळ, अबहा येथे, तुर्की फौज 1918 पर्यंत ठाण मांडून होती. खाली दक्षिणेला एडनच्या रक्षणासाठी हिंदी पलटणी उभ्या होत्या. एडनचा कारभार तेव्हा मुंबईहून चाले, आणि आपल्या समाजाची कुटुंबे तेथे नांदत होती. तेथे हैफासारखी घोडदौड झाली नाही, म्हणून तेथील शिपायाला समारंभ नाही. पहारा देणारा आणि तापाने मरणारा शिपाई हाही शिपाईच.

म्हणून समारंभ करणाऱ्यांना आमची विनंती : पुष्पचक्राबरोबर एक नाव वाचा, त्याचे गाव सांगा, तो का आला ते सांगा. आणि वाचकहो, तुम्हांलाही विनंती. लोद, अशदोद, बीरशेवा, दिमोना येथील आपल्या घरांत आजोबा-पणजोबांची मेडले, पेन्शनचे कागद, पलटणीतले फोटो पेटीच्या तळाशी पडले असतील. फोटोच्या मागे नाव लिहून ठेवा. ते नाव ओळखणारी आत्या किंवा मावशी अजून हयात आहे, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.