अश्लील कोण?

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस चार दिवस सूर्यमाळला राहण्याचा योग आला. बाहेर नागलीची शेते, संध्याकाळी गार वारा आणि हाताशी रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील लेखांचे पुस्तक. घरच्या आजींनी विचारले, “काय वाचता, भाऊ?” विषय सांगताना मी अडखळलो. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत कर्वे न अडखळता हेच लिहीत होते!

कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली त्यांनी विल्सन कॉलेजची नोकरी सोडली. १९३१ साली ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांना दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला भरला. वकील डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. तरीही दंड टळला नाही.

लेखक म्हणून कर्वे मला रुक्ष वाटतात. भूमितीचा सिद्धांत सोडवावा तसे ते स्त्रीपुरुषसंबंध सोडवतात. माणसाची लाज, माया, भीती त्यांच्या हिशेबात फारशी येत नाही. पण वाचकाची शंका छापायची आणि तिच्याखाली आपले उत्तर, हा त्यांचा शिरस्ता मला मोलाचा वाटतो. उत्तर चुकले तर ते चारचौघांत पकडता येई.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतले. जॉन्स हॉप्किन्स विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन मनी हे लैंगिक संशोधनातले मानाचे नाव. सुंतेच्या वेळी इजा झालेल्या एका कॅनडियन बालकाला मुलगी म्हणून वाढवावे, असा सल्ला त्यांनी दिला आणि १९७२ च्या ग्रंथात तो प्रयोग यशस्वी म्हणून मांडला. त्या मुलाने पुढे किशोरवयातच पुरुष म्हणून जगणे पत्करले. मनींनी मात्र अपयश जाहीर केले नाही. १९९७ साली इतर संशोधकांनी ते उजेडात आणले. तोवर त्या ‘यशा’च्या भरवशावर इतर बालकांवरही तसेच उपचार झाले होते. त्या माणसाने २००४ साली आत्महत्या केली.

मनींची भाषा शास्त्रीय होती, कर्व्यांची उघडी. वाचकहो, अश्लील कोणाला म्हणावे?

निघताना मी आजींना पुस्तकाचा विषय सरळ सांगितला. त्या म्हणाल्या, “एवढंच ना? मग परवा का लाजलात? आमच्या पोरींना हेच कोणी सांगत नाही.”