चमचाभर एरंडेल

वैशाखाचं ऊन तापलं की पलूस तालुक्यात अंगणात, पत्र्यावर, गच्चीवर हरभरा, चवळी, तूर पसरलेली दिसते. वर्षाची बेगमी चाललेली असते. वरवर पाहता हे नुसतं वाळवण. पण कडधान्य किडीपासून राखायची ही घरगुती रीत जवळून पाहिली की तिच्यातली कारागिरी कळते.

पहिली परीक्षा दाताची. दाणा दाढेखाली धरायचा. कट्‌कन फुटला तर वाळला. दबला तर आणखी एक ऊन. वाळलेलं धान्य लगेच डब्यात जात नाही, रात्रभर चादरीवर निवतं. गरम दाणे कोंडले तर डब्याला आतून घाम सुटतो आणि त्या ओलीवर बुरशी धरते. त्या रात्रभराच्या सबुरीत मला सगळ्यात जास्त जाणतेपण दिसतं.

मग तेल. किलोला चमचाभर एरंडेल तळहातावर घेऊन दाणे असे चोळायचे की प्रत्येकाला तुकतुकी यावी, पण ते एकमेकांना चिकटू नयेत. कडधान्याला लागणाऱ्या भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या गुळगुळीत सालीवर अंडी चिकटवते आणि अळी तिथूनच आत शिरते. तेलाच्या पातळ थराखाली अंडं गुदमरतं. कीड झाल्यावर मारत बसायचं नाही, तिला जन्मूच द्यायचं नाही. केवढी नेमकी नजर!

चमच्याच्या मापावरून आठवलं, कुंडल याच तालुक्यातलं, ‘रुचिरा’कार कमलाबाई ओगल्यांचं गाव. १९७० साली आलेल्या त्या पाककृतींच्या पुस्तकानं वाटी-चमच्याची मापं घरोघर पोचवली. किलोला चमचाभर हे मापही त्याच घराण्यातलं. हाताला एकदा बसलं की चुकत नाही.

पेरायच्या बियाण्याला मात्र राख, कारण तेलानं उगवण मंदावू शकते. शेणीची राख जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळलेली, मऊसूत. ती दाण्यांमधल्या फटी बुजवते, भुंगेऱ्याला हिंडायला वाव ठेवत नाही. शिवाय त्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडून त्याला सुकवते. चुलीतली फुकटची राख, आणि काम असं दुहेरी!

कडुलिंबाचा पाला घालायचा तो सावलीत वाळवूनच, नाहीतर ओल आपणच आत नेऊन ठेवतो. डबा काठोकाठ भरावा. श्रावणात उसळीला काढताना वाटी कोरडी हवी, आणि भिजत घालण्याआधी दाणे कोमट पाण्यात चोळून धुवावेत, म्हणजे एरंडेलाचा वास उसळीला लागत नाही.