तलवारीला आठ, भाल्याला सहा?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ. टेबलाभोवती बसून एकेकाने एक पात्र व्हायचे नि फासे टाकून लढायचे. मूळ नियमांत सर्व शस्त्रांना सहा बाजूंचा एकच फासा होता. पुढे खंजिराला चार बाजूंचा, भाल्याला सहा, लांब तलवारीला आठ असे ठरले. साहजिकच मुले तलवार उचलतात! खेळ सुटसुटीत हवा हे मान्य. पण मोकळ्या मैदानात भालाईत तलवारवाल्याला दूर रोखतो, अरुंद जिन्यात तोच भाला अडतो. आकडा दोन्हीकडे सहाच.

आपल्या दांडपट्ट्याला कोणता फासा द्यायचा? त्याच्या लांब पोलादी मुठीत मनगट वळत नाही, पाते हाताबरोबर खांद्यातून फिरते.

काठीच्या एका टोकाला ओल्या मातीचा गोळा लावा नि ती आळीपाळीने दोन्ही टोकांना धरून फिरवा. वजन तेच, पण गोळा हातापासून दूर असला की काठी वळवणे जड जाते. शस्त्राचा तोल असा कळतो, कोष्टकातून नाही. प्रताप नगरातल्या शिक्षकांनी हा प्रयोग करावा, नागपूरच्याच अजब बंगल्यातल्या (स्थापना १८६३) जुन्या शस्त्रांची ओळख करून द्यावी, आणि मग भाल्याचे नियम मुलांनाच लिहायला सांगावेत, असे आम्हाला वाटते.